वेणूबाईंच्या वाटचे अठरा दात

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वेणूबाई फुलं तोडून घरी आल्या, मोरीच्या कट्ट्यावरच्या पेल्यातला आपला ब्रश भिजवायला म्हणून उचलला, आणि हात तिथंच थांबला. ब्रश आधीच ओला होता.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. ब्रश ओला नसायचा तर काय कोरडा असायचा? पण त्यातली गोम अशी की त्या ब्रशनं या घरात कुणीच दात घासत नव्हतं. वेणूबाईसुद्धा नाही.

झालं होतं ते असं. वेणूबाई सातारा जिल्ह्यातल्या. सहा वर्षांपूर्वी नवरा, ज्योतिबा, गेला आणि त्या मुलाकडे कोपरखैरण्याला राहायला आल्या. येताना गावाहून दोनच गोष्टी आणल्या, डब्यात लावलेली तुळस आणि मिश्रीची डबी. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची, आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांना लावून बसायचं. मिश्री लागली की डोकं उघडायचं, पोट मोकळं व्हायचं, देवाचं नाव गोड लागायचं. चाळीस वर्षांची सवय.

पंच्याण्णव सालच्या आषाढात दाढ दुखायला लागली म्हणून सुनेनं, सुनयनानं, त्यांना वाशीच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि दाढ सोडून भलतीकडेच बघत बसले. डाव्या गालाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा होता.

"मावशी," ते म्हणाले, "हा चट्टा आज मुका आहे. उद्या बोलायला लागला तर माझ्या हातात काही राहणार नाही. मिश्री आजपासून बंद. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा ब्रश. कार्तिकात मला परत दाखवा."

एकादशीला, चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी, देवासमोर शपथ झाली. सुनयनाला नुसत्या शब्दावर भरवसा नव्हता. शेवटी वेणूबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तेजश्री सात वर्षांची. ती साबुदाण्याची खिचडी खात होती, तिनं घास तोंडात तसाच धरला. "कार्तिकी एकादशीपातूर मिश्रीला शिवनार न्हाई, रोज बुरुश करीन. हिच्या डोक्यावर हात हाय माझा," वेणूबाई म्हणाल्या. कृष्णातनं, म्हणजे मुलानं, डबी कचऱ्यात टाकली आणि तंबाखूनं माणसाचं काय काय होतं यावर अर्धा तास भाषण दिलं. तो महाप्याच्या एका कारखान्यात फिटर होता, तिथं तसले बोर्ड लागलेले होते.

तीन दिवस शपथ पाळली गेली. तीन दिवसांत वेणूबाईंचं डोकं जड झालं, पोट रुसलं आणि हरिपाठ म्हणताना मन तव्यावरच्या तंबाखूपाशी जाऊन बसायला लागलं. चौथ्या दिवशी त्यांची धाकटी बहीण गिरजाबाई गावाहून भेटायला आली. तिनं पदरात शेंगा घातल्या आणि शेंगांच्या खाली एक हिंगाची जुनी डबी. हिंग नव्हता तिच्यात.

डबी कुठं ठेवायची? घर एवढंसं. खाली बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, वर पोटमाळा. वेणूबाईंनी ती देव्हाऱ्यात, देवांच्या पाठीमागं सरकवली. देवाला पाठीमागचं दिसत नाही अशी त्यांची समजूत होती असं नाही. पण देव कुणाला सांगत नाही, एवढा आयुष्यभराचा अनुभव होता.

मग रोजचा रिवाज ठरला. पाचला उठायचं, परडी घेऊन फुलं तोडायला जायचं. साडेपाचला परत येऊन मागच्या दारी मिश्री लावायची, चूळ भरायची आणि शेवटी ब्रश नळाखाली धरून, नीट भिजवून, पेल्यात उभा करायचा. सहाला सुनयना माळ्यावरून उतरली की पहिली नजर पेल्यावर. ओला ब्रश बघून ती खूश. पापाला उतारा म्हणून वेणूबाईंनी शनिवारचा जादा उपवास धरला होता. आणि आज तो ब्रश, त्यांचा हात लागायच्या आधीच, ओला.

कुणाचा तरी हात लागला असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी परत ओला. त्यांनी नाकाशी धरला. पेस्टचा वास. केसांच्या मुळाशी पांढरा फेस, अजून विरायचा होता.

घरात विचारायची सोय नव्हती. "माझा बुरुश कुनी ओला केला?" असं विचारलं, तर "मग तुमी केला नाही का?" हा पुढचा प्रश्न. चोराच्या घरी चोरी झाली तर त्यानं चौकीत जाऊन काय लिहून द्यायचं?

तिसऱ्या दिवशी वेणूबाईंनी ब्रश पेल्यात उलटा ठेवला, केस खाली, दांडी वर. परत आल्या तर ब्रश सुलटा उभा होता आणि केसांवरून एक थेंब दांडीवर ओघळत होता, सावकाश. घरात सगळे झोपलेले. तेजश्री गोधडीत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली, माळ्यावर सामसूम. वेणूबाईंनी घाईनं देव्हाऱ्यामागची डबी काढली, निदान डोकं तरी ठिकाणावर येईल म्हणून. झाकण उघडलं.

मिश्री कमी झाली होती. आणि मऊ काळ्या भुकटीत एका बोटाची खूण होती. त्यांच्या बोटापेक्षा जाड, आणि टोकाला विळ्यासारखी वळलेली.

असं बोट त्यांनी एकच पाहिलं होतं. ज्योतिबाचं. तरुणपणी मोटेच्या दोरात सापडून त्याची उजव्या हाताची तर्जनी वाकडी झाली होती, आणि त्याच वाकड्या बोटानं तो तीस वर्षं बायकोच्या डबीतली मिश्री न विचारता घ्यायचा.

भिंतीवर त्याचा फोटो होता. जत्रेतल्या फोटोवाल्यानं हसा म्हटलं तरी हसला नव्हता, काळे दात दिसतील म्हणून ओठ गच्च मिटलेले. ब्रशचं तर त्याला वावडं. दात देवानं दिले, ते घासायला कंपनी कशाला, म्हणायचा. वेणूबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, ओठ कालच्यापेक्षा जरा सैल दिसतायत.

"मिश्री न्या की हवी तर," त्या हळूच म्हणाल्या. "पन माझा बुरुश कशापायी?"

फोटो काही बोलला नाही. मोरीत नळ तेवढा टपकला.

दुपारी त्या शेजारच्या रहिमाकडे गेल्या. रहिमा उरणकडची, वयानं वेणूबाईंच्याच बरोबरीची. पाच वेळच्या नमाजाआधी मिसवाकची काडी चावून दात घासणारी, त्यामुळे साठीतही तिचे दात मोगऱ्याच्या कळ्या. दोघी पायरीवर माठाची भाजी निवडत बसल्या, आणि वेणूबाईंनी आपल्या एका लांबच्या जावेची हकिगत सांगितली. तिनं म्हणे दात घासायची शपथ घेतली, घासले नाहीत, आणि आता तिचा ब्रश आपोआप ओला होतो.

रहिमानं त्यांच्या दातांकडे एकदा बघितलं. कोवळी भाजी एकीकडे केली.

"वेनूबाय, तुझ्या जावेला सांग," ती म्हणाली, "आमची नानी बोलायची, शपथ ही पेरलेली असते. पेरनाऱ्यानं पानी नाय घातला, तर दुसरं कोनतरी येऊन घालतं. आन जो पानी घालतो, पीक तोच घेऊन जातो."

"पीक? कसलं पीक?"

"शपथ ज्याच्यावर घेतली व्हती, ते."

वेणूबाईंच्या हातातली जुडी मांडीवर पडली. रहिमा पुढं जावेची तब्येत विचारत राहिली, ते त्यांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्री चहात चपाती बुडवून खात होती. मधेच थांबली, तोंडात बोट घातलं आणि हातावर काहीतरी ठेवून आजीपुढं धरलं. वरचा पुढचा दात. मुळाशी लालबुंद.

दुधाचा दात आहे, पडायचाच होता, सुनयना म्हणाली. वेणूबाईंनाही ते ठाऊक होतं, त्यांनी का पोरं वाढवली नव्हती? पण चार दिवसांनी शेजारचाही दात गेला. मध्यंतरी एका पहाटे वेणूबाईंना स्वप्न पडलं, की आपण देवापुढं ओंजळ धरलीय आणि प्रसाद म्हणून तीत एकेक दात पडतोय, लहान लहान, पांढरे. स्वप्नात दात पडले की घरातलं माणूस जातं, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं. आणि तेजश्री हल्ली गप्प गप्प असायची. जेवताना आजीच्या तोंडाकडे टक लावून बघायची. एकदा जवळ येऊन म्हणाली, "आजी, आ कर ना." वेणूबाईंनी विचारलं कशाला, तर ती नुसतीच बोटं मोडत काहीतरी मोजत राहिली.

त्या दिवशी वेणूबाईंनी मिश्री लावली नाही. डबी उघडलीच नाही. पण ब्रशलाही हात लावायचं धाडस होईना. जे कोण तो ब्रश वापरत होतं, त्याच्या तोंडातला तो आपण आपल्या तोंडात कसा घालायचा? आता एकच उरलं होतं. समोरासमोर बसून विचारायचं. न्यायचंच असेल तर म्हातारीला न्या, पोरीचा नाद सोडा, एवढंच मागायचं.

दुसऱ्या दिवशी पाचला त्यांनी नेहमीसारखी परडी घेतली, कडी मुद्दाम वाजवली, दार उघडलं आणि आतूनच ओढून घेतलं. मग अनवाणी, भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या आणि देव्हाऱ्याशेजारी पाटावर बसल्या. देव्हारा जमिनीवरच मांडलेला. वर दोरीवर वाळत घातलेलं लुगडं लोंबत होतं, त्याआड त्या झाकल्या गेल्या. लाईट गेलेली होती. श्रावणातली समई तेवढी तेवत होती. तिच्या उजेडात मोरीची कड दिसायची आणि पुढं सगळा काळोख. वेणूबाईंनी माळ हातात घेतली. जप सुरू केला, पण कितवा मणी आहे ते समजेना.

थोड्या वेळानं काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला. मग पेल्याचा, ठण्. मग नळ. आणि मग घासल्याचा आवाज, बारीक, न थांबणारा. उंदीर लाकूड कुरतडतो तसा. आवाजाबरोबर कुणीतरी पुटपुटत होतं. वेणूबाईंनी कान दिला.

"...नऊ... दहा... अकरा..."

माणसं मेल्यावर काय मोजतात?  वेणूबाईंनी लुगडं बोटभर बाजूला केलं. मोरीच्या कट्ट्यापाशी एक पांढरी आकृती उभी होती. दोन हात उंचीची, फार तर अडीच. ज्योतिबा साडेपाच फुटांचा गडी होता. मेल्यावर माणूस इतका आटतो?

"...सतरा... अठरा."

आकृती वळली. समईचा उजेड तिच्या तोंडावर आला. ओठांभोवती पांढरा फेस, आणि मधोमध, दात असायला हवे तिथं, काळं भोक.

"इठ्ठला, मला ने," वेणूबाई म्हणाल्या. आवाज बाहेर आला तो उंदरासारखा.

"आजी?" आकृती म्हणाली. फेस हनुवटीवरून पांढऱ्या परकरावर पडला. "तू फुलं आणायला नाही गेलीस?"

वेणूबाईंनी तिच्या हातातला ब्रश बघितला. मग त्यांनी विचारलं, की बाई तू माझ्या ब्रशनं काय करतेस.

"तुझे दात घासते," तेजश्री म्हणाली, यात विचारायचं काय अशा सुरात. आधी स्वतःच्या ब्रशनं स्वतःचे घासायचे, मग आजीच्या ब्रशनं आजीच्या वाटचे. आजीला अठरा दात आहेत, तिनं जेवताना मोजले होते, म्हणून अठरा वेळा. शाळेत बाईंनी शिकवलंय, वरून खाली, खालून वर, दाढांना गोल गोल.

"आगं पन का?"

तेजश्रीनं ब्रश पाठीमागं लपवला. "तू नुसताच भिजवतेस. मी बघितलं. आणि हात माझ्या डोक्यावर होता ना. तू नाही घासलेस तर मी मरणार. मग मीच घासते."

समई फडफडली. वेणूबाईंच्या हातातली माळ खाली पडली होती, ती त्यांनी उचलली नाही. पीक कोण नेत होतं ते त्यांना लख्ख दिसलं. पोरीचे हलणारे दात दोन-दोनदा घासून घासून वेळेआधी पडले होते, आणि एवढ्या दिवसांत ती कुणाला एक शब्द बोलली नव्हती. त्यांनी तिला ओढून कुशीत घेतलं. लुगड्याला फेस लागला तो तसाच राहू दिला.

"आन मिश्री?" मग त्यांना आठवलं. "मिश्री कशाला घेतीस बाई तू?"

"शी," तेजश्री म्हणाली. "मी नाही."

त्याच वेळी माळ्याची शिडी करकरली. दोघी लुगड्याआड सरकल्या. काळोखातून पावलं आली, दबकत, देव्हाऱ्याकडे. एक हात लुगड्याखालून आत शिरला, देवांच्या पाठीमागं चाचपायला लागला, डबी सापडेना म्हणून जरा डावीकडे वळला आणि त्याची बोटं वेणूबाईंच्या उघड्या तोंडात गेली.

वेणूबाईंनी ती चावली. अठराच्या अठरा दातांनी.

पुढचा आवाज रहिमाच्या घरापर्यंत गेला. सुनयना माळ्यावरून बॅटरी घेऊन धावत उतरली. तिच्या उजेडात तिला काय दिसावं? सासू लुगड्याआड बसलेली, तिच्या कुशीत तोंडाला फेस आलेली लेक, आणि समोर उकिडवा बसलेला नवरा, बोटं आईच्या तोंडात. बिचारी शिडीच्या पायरीवर बसली ती बराच वेळ बसूनच राहिली.

कृष्णातची हकिगत छोटी होती. कंपनीत बोर्ड असल्यामुळे तंबाखू सोडलेली, पण फर्स्ट शिफ्टला डोकं उघडेना. एकदा देवाला नमस्कार करताना वास आला. त्या दिवसापासून आई फुलांना गेली की तो उतरायचा. तंबाखूनं माणसाचं काय काय होतं, ते सुनयनानं त्याला त्याच्याच शब्दांत परत ऐकवलं, अर्धा तास. मग सासूकडे वळली. सासूला ती काहीच बोलली नाही, आणि वेणूबाईंना तेच जास्त लागलं. शेवटी एवढंच म्हणाली की एकाचा ब्रश दुसऱ्यानं तोंडात घालू नये, आजच नवीन आणते सगळ्यांना, आणि आता देवासमोर परत शपथ व्हायला हवी, दोघांचीही.

कृष्णातनं सवयीनं हात पुढं केला. तेजश्रीनं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं.

"माझ्यावर नको," ती म्हणाली. "माझ्याकडचे पुढचे संपले."

"ज्याचं त्याच्या डोक्यावर," वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवला. कृष्णातनंही ठेवला. मग वेणूबाईंनी देवामागची डबी काढली आणि मोरीत रिकामी करायला झाकण उघडलं. भुकटीत खूण होती. टोकाला विळ्यासारखी वळलेली.

"घ्यायची तर घ्यायची," त्या लेकाला म्हणाल्या, "बोट तरी सरळ घालायचंस. बापाचं बोट म्हनून जीव गेला माझा."

"बोट?" कृष्णात म्हणाला. "आये, मी चिमटीनं घेतो. डबीत बोट घालायची मला किळस येते, तुला म्हायतीय."

 तेवढ्यात लाईट आली आणि सगळ्यांच्या आधी उजेड भिंतीवरच्या फोटोवर पडला. वेणूबाईंनी डबी मोरीत उपडी केली, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि पदर डोक्यावरून घेऊन पूजेला बसल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सुनयनानं चार नवीन ब्रश आणले. दुसऱ्या दिवशी वेणूबाई, आयुष्यात पहिल्यांदा ब्रश घ्यायला, स्वतः दुकानात गेल्या आणि पाचवा आणला. पेल्यात उभा केला. तो कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. रोज पाचला उठून त्या आपला ब्रश उचलायच्या. तो कोरडा ठाक असायचा आणि त्याला बघून त्यांना जितकं बरं वाटायचं तितकं कधी तीर्थाला जाऊनही वाटलं नव्हतं. रात्री झोपताना परत एकदा. तेजश्री शेजारी उभी राहून मोजायची. पाचव्या ब्रशकडे मात्र वेणूबाई बघत नसत.

कार्तिकी एकादशीनंतर वाशीच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, गाल ताणून बराच वेळ बघितलं आणि बॅटरी विझवली. चट्टा विरत आलाय म्हणाले. असंच चालू ठेवा, मावशी. तेजश्रीला तोवर वरचे दोन नवे दात फुटले होते, करवतीसारखे.

डॉक्टरांनी तीन-तीन महिन्यांनी ब्रश बदला असंही सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सुनयना जुने ब्रश पेल्यातून काढून एकेक टाकायला लागली. कृष्णातचा, तिचा, तेजश्रीचा, सासूचा. चारही झिजलेले. पाचवा हातात घेऊन ती थांबली. उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला.

"आई," ती म्हणाली, "हा तर कुणीच वापरत नाही ना? मग याचे केस असे फिसकटले कसे?"

वेणूबाईंनी जपाचा मणी ओढला. मग पुढचा.

"त्यो ऱ्हाऊ दे तिथंच," त्या म्हणाल्या. "जित्तेपनी कधी ऐकलं न्हाई. आता ऐकतायत, तर मोडता घालू नगंस."